वीतभर पाती, सात हजार बेटं

अमेरिकेत स्थायिक झालेल्या जुन्या पिढीतल्या फिलिपिनो कुटुंबाच्या घरी गेलं की भिंतीवर तीन वस्तू हमखास दिसतात. जेवणाच्या टेबलापाशी हातभर लांबीचा लाकडी चमचा आणि काटा, जवळच येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र, आणि बैठकीच्या खोलीत ढालीच्या आकाराची एक लाकडी पाटी. या पाटीवर बोटभर ते वीतभर लांबीच्या तलवारी, सुरे आणि कोयते ओळीनं बसवलेले असतात. वरच्या बाजूला इंग्रजीत शीर्षक असतं, ‘वेपन्स ऑफ मोरोलँड’, म्हणजे मोरोंच्या मुलखातली हत्यारं. प्रत्येक हत्याराशेजारी त्याचं नाव लिहिलेलं असतं: क्रिस, कंपिलान, बारोंग, पनाबास, बोलो.

या पाट्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकी सैनिक होतं. मनिलाच्या वायव्येला क्लार्क हा हवाई तळ आणि सुबिक बे हा नौदलाचा तळ दुसऱ्या महायुद्धानंतर चार दशकांहून अधिक काळ गजबजलेले होते. तळाच्या दाराबाहेर दुकानांची रांग असे. घरी निघालेला खलाशी तिथून लाकडी कोरीवकाम, शिंपल्यांच्या वस्तू आणि ही शस्त्रांची ढाल उचलत असे. अमेरिकी नौदलात भरती झालेले फिलिपिनो तरुणही ती घेत, कारण परक्या देशात भिंतीवर आपल्या मुलखाचं काहीतरी हवं असे. जून १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, क्लार्कचा तळ राखेखाली गेला आणि अमेरिकेनं तो त्याच वर्षी सोडला. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुबिकही रिकामा झाला. तळापुढच्या दुकानांचं हक्काचं गिऱ्हाईक दीड वर्षात नाहीसं झालं.

शस्त्रसंग्राहकांनी या छोट्या वस्तूंना बराच काळ दारात उभं केलं नाही. संग्रहात मान मोठ्या तलवारीला. छोटं म्हणजे खेळणं, बाजारू, पर्यटकाच्या गळ्यात मारलेलं, असा सरसकट शिक्का बसलेला होता. हा शिक्का चुकीचा आहे. फिलिपिन्समधली लहान पाती एका जातीची नाहीत. काही जन्मतःच लहान आहेत: कमरेला खोचायच्या कट्यारी, मिटणारे चाकू. काही मोठ्या शस्त्रांच्या प्रतिकृती आहेत. आणि या दोहोंच्या मधे एक मोठा वर्ग आहे: खऱ्या लोहारानं, खऱ्या पोलादातून, पण परक्या गिऱ्हाइकासाठी घडवलेल्या वस्तूंचा. हे तिन्ही वर्ग वेगळे ओळखता येणं हीच या संग्रहातली विद्या आहे. ती येऊ लागली की वीतभर लोखंडातून पाचशे वर्षांचा इतिहास वाचता येतो.

कमरेच्या शेल्यातली गुनोंग

फिलिपिन्समध्ये ७,६४१ बेटं आहेत. दक्षिणेला मिंडानाओ हे मोठं बेट आणि त्याच्या नैऋत्येला सुलू द्वीपमाला. इथल्या मुस्लिम समाजांना, म्हणजे मागिंदानाव, मारानाव, ताउसुग, याकान, सामा यांना स्पॅनिश लोकांनी मोरो म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. फिलिपिनो शस्त्रकलेचा सर्वांत देखणा भाग यांच्याकडचा आहे, आणि त्यातली छोट्या आकाराची राणी म्हणजे गुनोंग.

गुनोंग ही कट्यार. ती कमरेच्या शेल्यात, बहुधा पाठीमागच्या बाजूला खोचायची. रोजच्या कामाला सुरी म्हणून चालायची आणि मोठं शस्त्र हातातून गेलंच तर शेवटचा आधार म्हणूनही. जुन्या गुनोंगचं पातं बहुतेक एकधारी, मूठ पिस्तुलाच्या दस्त्यासारखी वाकलेली. विसाव्या शतकात अमेरिकी गिऱ्हाईक आलं तसं रूप बदलत गेलं. पातं दुधारी झालं, कधी सरळ तर कधी नागमोडी, मूठ सरळ झाली आणि मुठीपुढे आडवी परज आली. जणू एखादी मोठी क्रिस तलवार आटून वीतभर झाली.

अशी एक नमुनेदार गुनोंग जवळून पाहण्यासारखी असते. मूठ काळ्या शिंगाची किंवा घट्ट विणीच्या लाकडाची. मूठ आणि पातं जिथे भेटतात तिथे चांदीची, पितळेची किंवा पांढऱ्या मिश्रधातूची टोपी, तिच्यावर हातानं कोरलेल्या रेषा. या रेषांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. कारागिराचा हात कुठे थांबला आणि कुठे पुन्हा सुरू झाला ते भिंगाखाली स्पष्ट दिसतं. म्यान दोन लाकडी फाळक्या जोडून केलेलं आणि वेताच्या पट्ट्यांनी किंवा धातूच्या कड्यांनी आवळलेलं. पातं बाहेर काढून उजेडात तिरकं धरलं तर मधल्या कण्यापासून धारेकडे जाणारे कानशीचे ओरखडे दिसतात. नागमोडी पातं असेल तर एक गोष्ट आवर्जून पाहायची. लोहारानं ते तापवून वाकवलं असेल तर मधला कणाही वळणावळणानं जातो. सरळ पट्टीच्या कडा नुसत्या घासून नागमोड काढली असेल तर कणा सरळच राहतो. दोन्ही प्रकारच्या गुनोंग खऱ्या असू शकतात, पण त्यांच्यामागचे कष्ट सारखे नाहीत.

लानाव देल सुर प्रांतात लानाव सरोवराच्या काठी तुगाया नावाचं गाव आहे. पितळी ओतकामासाठी ते देशभर ओळखलं जातं. वेलीसारख्या वळणदार ओकिर नक्षीनं मढवलेल्या मारानाव वस्तूंची परंपरा इथे जिवंत आहे. गेल्या काही दशकांत पूर्ण पितळी मुठीच्या आणि पितळी म्यानाच्या गुनोंग बाजारात दिसतात, त्या याच मारानाव कलेच्या लेकी आहेत. जुन्या नसल्या म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत.

मोठ्याचं छोटं करताना

प्रतिकृती कितपत चांगली आहे हे ठरवायचं तर मूळ शस्त्र माहीत हवं. मोरो क्रिस ही जावा बेटावरच्या क्रिसची आकारानं मोठी बहीण. जावाची क्रिस भोसकण्यासाठी, तर मोरो क्रिस रुंद, जड आणि मुख्यतः वार करण्यासाठी. पात्याच्या मुळाशी एका बाजूला हत्तीच्या सोंडेसारखा आकडा आणि दुसऱ्या बाजूला दातेरी कड असते. मुळाचा हा रुंद भाग म्हणजे गांग्या. जुन्या क्रिसमध्ये तो वेगळा घडवून पात्याला जोडलेला असे. पुढे तो पात्यासोबत एकसंधच घडू लागला आणि जोडाच्या जागी नुसती रेघ कोरली जाऊ लागली. मूठ डगमगू नये म्हणून पात्याच्या मुळापासून मुठीत शिरणारी धातूची पट्टी असते, तिला आसांग-आसांग म्हणतात. आणि मुठीच्या टोकाला बहुतेक वेळा काकाकुव्याचं डोकं.

बारोंग ही ताउसुग, सामा आणि याकान लोकांची. पानाच्या आकाराचं, जाड पाठीचं, एकधारी पातं. कंपिलान लांब आणि सरळ: मुठीपाशी अरुंद, टोकाकडे रुंद होत जाणारी. टोकावर पाठीच्या बाजूनं निघालेला एक बारीक काटा आणि जबडा उघडलेल्या प्राण्यासारखी दुभंगलेली मूठ. पनाबासचं पातं पुढे वाकलेलं, दांडा लांब, वार कुऱ्हाडीसारखा.

आता यातलं काहीही वीतभर करून बघा. कारागिराला मूळ शस्त्र किती ठाऊक आहे ते चटकन उघडं पडतं. ज्यानं आयुष्यात खरी कंपिलान पाहिली आहे तो टोकावरचा काटा विसरत नाही. ज्यानं क्रिस हाताळली आहे तो सोंडेचा आकडा योग्य बाजूला काढतो आणि आसांग-आसांगची पट्टी खरोखर पात्यावर दाबून बसवतो. ज्याला फक्त आकार माहीत आहे तो पत्र्याची पट्टी कापतो, दोन वळणं काढतो आणि चमकवून देतो. भिंतीवरच्या पाट्यांत हे दोन्ही टोकांचे नमुने सापडतात. काहींची पाती चांगल्या पोलादाची आणि मुठी शिंगाच्या असतात, काहींची नुसत्या लाकडाला रुपेरी रंग फासलेली. मोरोलँडच्या नावाखाली उत्तरेकडची हत्यारंही बिनदिक्कत बसवलेली दिसतात, कारण विकत घेणाऱ्याला दक्षिण-उत्तर एकच होती.

पत्र उघडण्याची सुरी म्हणून बनवलेली छोटी क्रिस किंवा बारोंग ही अशीच मधल्या वर्गातली वस्तू. ती कोणी लढाईसाठी केली नाही, पण करणाऱ्याच्या घरात तलवारी घडत असतील तर ते हात त्या सुरीतही उतरलेले असतात.

विकत घेणाऱ्यांचा इतिहास

फिलिपिनो पात्याची पहिली प्रसिद्ध लेखी नोंद परक्या माणसाच्या मरणाची आहे. २७ एप्रिल १५२१ रोजी माक्तान बेटाच्या किनाऱ्यावर तिथला सरदार लापुलापु याच्या माणसांनी स्पेनच्या मोहिमेचा प्रमुख फर्डिनांड मॅगेलन याला मारलं. त्याच्यासोबतचा इटालियन अंतोनियो पिगाफेत्ता लिहितो की मॅगेलनच्या डाव्या पायावर एका मोठ्या, वक्र तलवारीसारख्या शस्त्राचा वार झाला आणि तो तोंडावर पडला. ही तलवार कंपिलानच होती असं आज फिलिपिन्समध्ये मानलं जातं, चित्रांत आणि पुतळ्यांत तसंच दाखवतात. पिगाफेत्तानं मात्र लढाईच्या त्या वर्णनात तिचं स्थानिक नाव दिलेलं नाही.

पुढे तीनशेहून अधिक वर्षं स्पेननं राज्य केलं. १८८७ मध्ये माद्रिदच्या रेतिरो बागेत फिलिपिन्सचं भव्य प्रदर्शन भरलं. वस्तू मांडल्या गेल्या आणि माणसंही मांडली गेली. होसे रिझालसारख्या फिलिपिनो तरुणांना ते जिव्हारी लागलं. त्या प्रदर्शनातल्या कित्येक वस्तू आज माद्रिदच्या राष्ट्रीय मानववंश संग्रहालयात आहेत.

१८९८ च्या पॅरिस करारानं स्पेननं दोन कोटी डॉलर घेऊन ही बेटं अमेरिकेच्या हवाली केली, आणि शस्त्रं जमवण्याचं खरं पर्व सुरू झालं. अमेरिकी सैनिकांनी पाती विकत घेतली, अदलाबदलीत घेतली, जप्त केली आणि मेलेल्यांच्या हातातूनही उचलली. मार्च १९०६ मध्ये सुलूतल्या होलो बेटावरच्या बुद दाहो डोंगरावर अमेरिकी फौजेनं शेकडो मोरो ठार केले. त्यांत बायका होत्या, मुलं होती. जून १९१३ मध्ये बुद बाग्साक डोंगरावर पुन्हा तसंच झालं. या मोहिमांमधून अमेरिकेत गेलेल्या कट्यारी आणि तलवारी आजही घरांच्या माळ्यांवरून बाहेर येतात. ‘आजोबांनी मोरो युद्धातून आणलेली’ अशी चिठ्ठी जोडलेली असली की किंमत वाढते. ती चिठ्ठी वाचताना आजोबांना ती कशी मिळाली असेल, हा प्रश्नही संग्राहकानं स्वतःला विचारायलाच हवा.

१९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात हजाराहून अधिक फिलिपिनोंना आणून त्यांची गावं उभारली गेली. लाखो अमेरिकनांनी तिथे पहिल्यांदा क्रिस आणि उत्तरेच्या डोंगरांतल्या इगोरोत लोकांचे भाले पाहिले. पाहिलेली वस्तू विकत घ्यावीशी वाटतेच. सैनिक, शिक्षक, अधिकारी, मिशनरी असं नवं गिऱ्हाईक बेटांवर आधीच होतं. त्यांना बॅगेत मावेल असं, ओळखू येईल असं आणि फार महाग नसलेलं शस्त्र हवं होतं. गुनोंगसारख्या छोट्या कट्यारींना त्या काळात जी मागणी आली तिचं मूळ इथे आहे.

अभ्यासही याच काळात उभा राहिला. शिकागोच्या फील्ड म्युझियमनं १९०६ पासून चालवलेल्या मोहिमांमुळे त्याच्याकडे फिलिपिन्सच्या दहा हजारांवर वस्तू आहेत. हर्बर्ट क्रीगर यांनी १९२६ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या फिलिपिनो शस्त्रांची सचित्र सूची छापली. जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांचा जगभरच्या शस्त्रांचा कोश १९३४ मध्ये आला. मोरो तलवारींवरचं रॉबर्ट केटो यांचं पुस्तक १९९६ चं. ही तीन पुस्तकं हाताशी असली की नवख्या संग्राहकाचे बरेच पैसे वाचतात.

उत्तरेची कुऱ्हाड, मधल्या बेटांचे कोयते

दक्षिणेच्या झगमगाटात बाकी देश झाकोळू नये. लुझोन बेटाच्या उत्तरेला कोर्दियेरा पर्वतात कालिंगा, बोंतोक आणि त्यांचे शेजारी समाज राहतात. त्यांची कुऱ्हाड एका बाजूला रुंद धार आणि दुसऱ्या बाजूला लांब टोकदार चोच अशी असते. एके काळी ती शत्रूचं शिर उतरवायला वापरली जाई, आणि लाकूड तोडायलाही. अमेरिकनांनी थंड हवेसाठी बागियो शहर वसवलं, १९०९ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि डोंगरातल्या कारागिरीला बाजारपेठ सापडली. छोट्या कुऱ्हाडी आणि भाले तिथूनच देशभर पसरले. त्यांत चोचीचा बाक बरोबर साधलेला नमुना मिळाला तर तो जपून ठेवावा.

मधल्या विसाया बेटांवर तालिबोंग, गिनुंतिंग, तेनेग्रे अशी नावं भेटतात. पानाय बेटावरच्या तेनेग्रेच्या मुठीवर नाक, दात आणि वटारलेले डोळे असलेलं एखाद्या अद्भुत प्राण्याचं तोंड कोरलेलं असतं. हीच मूठ छोट्या सुऱ्यांनाही लावतात, आणि तिथे कोरीवकाम करणाऱ्याची खरी परीक्षा होते. बोटाच्या पेराएवढ्या शिंगात चेहरा जिवंत वाटला पाहिजे.

आणि सगळीकडे आहे तो बोलो, म्हणजे तिथला कोयता. शेतात, नारळाच्या बागेत, स्वयंपाकघरात तोच. १८९६ च्या स्वातंत्र्यलढ्यात कातिपुनान संघटनेच्या हातात बंदुका कमी आणि बोलोच जास्त होते, म्हणून आंद्रेस बोनिफासियोच्या पुतळ्यांच्या हाती बोलो दिसतो. २८ सप्टेंबर १९०१ रोजी सामार बेटावरच्या बालांगिगा गावातल्या लोकांनी बोलो घेऊन अमेरिकी तुकडीवर हल्ला केला, त्यात ४८ सैनिक मारले गेले. अमेरिकी सैन्यानं सूडापोटी सामार जाळलं आणि गावच्या चर्चच्या घंटा उचलून नेल्या. त्या डिसेंबर २०१८ मध्ये परत मिळाल्या. त्याच अमेरिकी लष्करानं पुढे बोलोच्या धर्तीवर स्वतःचे सुरे बनवून घेतले. १९०९ चा नमुना स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात तयार झाला.

विमानाची काच

दुसऱ्या महायुद्धानं या संग्रहाला एक अनपेक्षित शाखा दिली. १९४५ मध्ये मनिला उद्ध्वस्त झालं होतं, पण भंगार भरपूर होतं. पडलेल्या विमानांचं ॲल्युमिनियम आणि त्यांच्या काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे स्थानिक कारागिरांनी उचलले. रंगीत प्लॅस्टिकच्या चकत्या एकावर एक रचून मुठी केल्या, ॲल्युमिनियमच्या परजा बसवल्या आणि पात्यांवर सैनिकाचं नाव, ‘मनिला’ आणि साल कोरून दिलं. पोट भरण्यासाठी केलेलं हे काम आज फार बोलकं वाटतं. एकाच सुऱ्यात अमेरिकी विमान, फिलिपिनो हात आणि घरी निघालेला विशीतला पोरगा असे तिघं असतात.

कोरलेल्या मजकुरात ‘पी. आय.’ ही अक्षरं, म्हणजे फिलिपाइन आयलंड्स, दिसली तर संग्राहक खूश होतात. देश ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झाला, म्हणून वस्तू त्याआधीची, असा हिशोब. पण अमेरिकी खलाशांच्या तोंडी ही अक्षरं पुढेही कित्येक वर्षं राहिली. एवढ्या एका पुराव्यावर काळ ठरवू नये.

बातांगासची २९

लहान फिलिपिनो पात्यांत जगभर पोचलेलं नाव एकच: बालिसोंग. दोन भागांत दुभंगणारी मूठ, मधे पातं. मनगटाच्या झटक्यानं मूठ उघडते आणि पातं बाहेर येतं. मनिलाच्या दक्षिणेला बातांगास प्रांतातल्या ताल या गावच्या एका वस्तीचं नावच बालिसोंग आहे. तिथे हे चाकू पिढ्यान्‌पिढ्या बनतात. पूर्ण उघडल्यावर २९ सेंटीमीटर भरतो म्हणून एका प्रसिद्ध आकाराला नुसतं ‘बेंते नुएवे’, म्हणजे २९ म्हणतात.

या चाकूचं सौंदर्य मुठीत आहे. पितळी चौकटीत शिंगाच्या, हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या बसवतात. चांगल्या बालिसोंगच्या दोन्ही बाजू मिटताना एकमेकांना अलगद भेटतात आणि पातं चौकटीला घासत नाही. खिळे गोल, सपाट आणि एका पातळीत असतात. स्वस्त प्रतीत सुरुवातीपासूनच हे सगळं हलतं. अमेरिकेत तो सैनिकांच्या खिशातून पोचला, पुढे तिथल्या कंपन्यांनी बनवला आणि चित्रपटांनी गाजवला. बातांगासच्या कारागिराचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत झालं.

हातात घेतल्यावर

तिथल्या लोहाराला पांदाय म्हणतात. त्याच्या पोलादाचा नेहमीचा स्रोत म्हणजे ट्रक आणि जीपनी (तिथल्या प्रवासी जीप) यांच्या कमानीचे पाटे. पाटा तापवायचा, ऐरणीवर ठोकून आकार द्यायचा, कानस मारायची आणि धारेला पाणी द्यायचं. कसबी लोहार फक्त धार कडक करतो, पाठ चिवट ठेवतो. मुठीत शिरणारं पात्याचं शेपूट राळेनं पक्कं बसवतात. मुठीला काराबाव म्हणजे तिथल्या म्हशीचं शिंग किंवा कामागोंगचं काळसर, अत्यंत कठीण लाकूड.

म्हणून वस्तू हातात आल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. वजन: खरं पोलाद आकाराच्या मानानं भारी लागतं. मूठ आणि पात्याचा जोड: तिथे जुनी राळ आहे की आजचा चमकदार गोंद? झीज: जिथे बोटं टेकतात तिथेच मूठ गुळगुळीत हवी, सगळीकडे सारखी नको. आणि म्यान: ते याच पात्यासाठी केलेलं आहे का? म्यान आणि पातं एकमेकांचं नसणं ही फार नेहमीची बाब आहे.

घरी आणल्यावर पहिला मोह असतो घासून चकाकवण्याचा. तो आवरावा. जुन्या मोरो पात्यांत वेगवेगळ्या पोलादाचे थर ठोकून एकजीव केलेले असतात आणि पृष्ठभागावर त्यांच्या लहरी दिसतात. खरबरीत कागदानं घासलं की काळाची साय निघून जाते आणि ती परत येत नाही. गंज असेल तर तेलात भिजवून हलक्या हातानं काढावा, मग पातळ तेलाचा हात फिरवावा. शिंगाला कीड लागते, मुठी अधूनमधून तपासाव्यात. पावसाळ्यात पातं कातडी म्यानात ठेवू नये, ओल धरते.

फूटपट्टी आणि कायदा

शस्त्र कशाला म्हणायचं हे सरकारं पूर्वीपासून फूटपट्टीनं आणि कामावरून ठरवत आली आहेत. सप्टेंबर १९११ मध्ये मोरो प्रांताचे लष्करी गव्हर्नर जॉन पर्शिंग यांनी निःशस्त्रीकरणाचा हुकूम काढला. क्रिस, कंपिलान, कट्यार बाळगायला बंदी, फक्त कामाची अवजारं चालतील आणि त्यांचं पातं १५ इंचांपेक्षा कमी हवं. १९७२ मध्ये लष्करी कायद्याच्या काळात राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या हुकमानं बालिसोंग, बोलो, बारोंग, क्रिस घराबाहेर बाळगणं गुन्हा ठरवलं, पोटापाण्याच्या कामाचं अवजार असेल तेवढी सूट. १९७८ च्या कायद्यानं शिक्षा बदलली, तत्त्व तेच राहिलं. ब्रिटननं १९८८ मध्ये बालिसोंगच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी घातली, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना त्यातून वगळलं. भारतात शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात येतात. परदेशातून कोणतंही पातं आणताना सीमाशुल्काचे नियम आधी विचारून घ्यावेत, आणि ते हातातल्या बॅगेत कधीही ठेवू नये.

मुठीत हस्तिदंत असेल तर प्रश्न अधिक गंभीर. आंतरराष्ट्रीय करारांनी १९८९ पासून हस्तिदंताच्या व्यापारावर कडक बंधनं आणली आहेत आणि भारताचा वन्यजीव कायदाही कठोर आहे. अशी वस्तू कागदपत्रांशिवाय घेऊ नये. फिलिपिन्समध्येही २०१० पासून राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायदा लागू आहे. वारशाच्या व्याख्येत बसणारी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. खरा संग्राहक हा कायदा अडचण मानत नाही. ज्या मुलखातून एवढं नेलं गेलं त्या मुलखानं उरलेलं सांभाळावं, हे न्यायाचंच आहे.

छोट्या पात्यांचा एक मोठा फायदा इथेच आहे. त्यांतली बरीचशी विकण्यासाठीच बनवलेली होती, ती घेताना कुणाच्या घरातलं लुटून आणल्याची बोच नसते. आणि ती आजही बनतात. ताल गावात, तुगायात, विसाया बेटांवर भाते चालू आहेत. २००९ मध्ये आर्निस ही युद्धकला देशाचा राष्ट्रीय खेळ ठरली. तिच्या शिकाऊंनाही पाती लागतात. जुन्या, संशयास्पद गुनोंगवर मोठी रक्कम उधळण्यापेक्षा आज जिवंत असलेल्या पांदायकडून चांगली गुनोंग करवून घेणं हा संग्रहाचा अधिक शहाणा मार्ग आहे.

जगातल्या व्यापारी जहाजांना सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्स आणि भारत दोन्ही आहेत. कोकण आणि गोव्यातली कितीतरी माणसं फिलिपिनो सोबत्यांबरोबर एकाच जहाजावर राबली, मनिला आणि सुबिकला उतरली. त्यांच्या घरच्या कपाटात एखादी छोटी क्रिस, एखादा बालिसोंग पडलेला असू शकतो. असेल तर तो घासू नका आणि भंगारात देऊ नका. ज्यांनी आणला ते हयात असतील तर कुठल्या बंदरात, कुठल्या साली, कुणाकडून आणि किती पैशांना घेतला ते विचारा, कागदावर लिहा आणि तो कागद त्या वस्तूसोबतच ठेवा. आणि नवी वस्तू घेणार असाल तर किंमत विचारण्याआधी लोहाराचं नाव आणि गाव विचारा.